गालांवरची काजळी

ईदची नमाज आटोपून दायंग सितुजू घरी परतला, तर खांबांवरच्या त्याच्या घराच्या शिडीच्या तळच्या पायरीवर एक मुलगी ठाण मांडून बसलेली. अंगावर सणाचे कपडे नाहीत, केसांत फूल नाही. हातात घडी घातलेला एक निळा रुमाल.

"ऊठ पोरी, वर जाऊ दे. पोटात कावळे ओरडतायत."

"ओरडू देत. माझा भाऊ कालपासून उपाशी आहे, त्याचं काय?"

सितुजू जागच्या जागी थांबला. ही चेन्निंग, ला माक्किताची धाकटी बहीण. आणि ला माक्किता काल बुडून मेला, हे मकासर बंदरातल्या बुगी खलाशांच्या अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं.

काल संध्याकाळी रोजा सोडण्याचा नगारा वाजत असतानाच नाखवा मासिक्कीची होडी धक्क्याला लागली होती. होडीत बारा माणसं. गलबत मात्र तांबड्या रांगेच्या खडकावर फुटून राहिलेलं. जावाहून निघताना माणसं तेरा होती. तेरावा, म्हणजे जुरुबातू ला माक्किता, आलाच नाही. जुरुबातू हा नाळेवरचा, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावरचा माणूस. गलबताचे दोन्ही नांगर त्याच्या ताब्यात, आणि खडकांच्या पाण्यात शिरलं की डोलकाठीवर चढून खडक हेरायचं कामही त्याचंच. तो वर झोपला, गलबत आपटलं, झोपेतच तो समुद्रात पडला, असं बाराच्या बारा जण सांगत होते.

"पोरी, दुःख मोठं आहे. पण बारा माणसं एकच गोष्ट सांगतायत..."

"बारा जण एकच गोष्ट सांगतायत, तेच तर मला खटकतंय, दायंग. आमच्या वस्तीत बारा माणसांचं एका माशाच्या वजनावर एकमत होत नाही."

सितुजूला हसू आलं, पण त्याने ते मिशीत दाबलं. मुलगी खोटं बोलत नव्हती. तीस वर्षं सुकाणू धरून पाठ वाकल्यावर वस्तीच्या मुखियाने त्याला फुटलेल्या गलबतांच्या चौकशीचं काम दिलं होतं. या कामात तो एक शिकला होता. खऱ्या अपघाताच्या गोष्टी एकमेकींशी भांडतात.

"काय म्हणणं आहे तुझं?"

"दादा झोपणारा नाही. आठ वर्षं वर चढतोय, एकदा तरी खडक चुकला? आज लोक माझ्या दारावरून जाताना काय म्हणाले, सांगू? झोपाळ्याचं घर! आईने ऐकलं आणि अंथरूण धरलं. मी रडत बसणार नाही. तो मेला असेल तर प्रेत दाखवा. नसेल तर आणून द्या."

"हा रुमाल कुणाचा?"

"दादाचा. ला रुम्पांगने काल आणून दिला. म्हणाला, धक्का बसला तसा तो वरून कोसळला, मी धावलो, हातात नुसता डोक्याचा रुमाल आला. ढसाढसा रडला माझ्यापुढे."

ला रुम्पांग त्याच गलबताचा सुकाणी. ईदनंतर तिसऱ्या दिवशी चेन्निंगचं त्याच्याशी लग्न ठरलेलं होतं. त्यामुळे मुलगी कुणाच्या विरुद्ध उभी राहतेय, हे सितुजूच्या चटकन लक्षात आलं. त्याने रुमालाची घडी उलगडली. आत दोन काळे पट्टे होते, बोटभर रुंदीचे, फराटे ओढावेत तसे. त्याने वास घेतला. खोबरेल तेल.

"ही काजळी कोण धरतं?"

"मीच. दिव्यावर बशी उपडी ठेवून. दर सफरीला एक डबी भरून देते. कशाला लागते म्हणून विचारलं, तर म्हणायचा, समुद्राशी लग्न लावायचंय, नटायला नको?"

सितुजूने रुमाल परत घडी करून कमरेला खोचला. न्याहारीचा विचार त्याने तिथेच सोडून दिला.

"चल धक्क्यावर."

---

कालची होडी धक्क्याच्या कडेला चिखलात ओढून ठेवली होती. मकासरचा हा किनारा काळ्या चिखलाचा, पाय रुतला की घोट्यापर्यंत जातो. सितुजूने होडीत वाकून तळाच्या फळ्यांवरून हात फिरवला आणि मूठ उघडून चेन्निंगपुढे धरली.

"काय दिसतं?"

"वाळू. पांढरी."

"जाडी की बारीक?"

"जाडी. शिंपल्यांचे तुकडे आहेत हिच्यात. त्यात काय मोठं?"

"काही नाही. असू दे," म्हणत त्याने चिमूटभर वाळू रुमालाच्या कोपऱ्यात बांधली.

नाखवा मासिक्कीच्या घरी सण होता आणि नव्हताही. केळीच्या पानात बांधलेले बुरासाचे भात रचून ठेवले होते, पण खायला कुणाचा हात पुढे होत नव्हता. नाखवा भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा भारदस्त माणूस, एका रात्रीत गाल बसलेले. शेजारी ला रुम्पांग. देखणा, ताठ, डोळे सुजलेले.

चेन्निंगला पाहताच तो उठला. "तू कशाला आलीस? आई एकटी आहे घरी."

"आईनेच पाठवलंय," ती म्हणाली आणि दारातच उभी राहिली.

सितुजूने पानाचा डबा पुढे ओढला आणि सुपारी कातरत विचारलं, "नाखवा, गलबत आपटलं केव्हा?"

"असरची नमाज झाली आणि लगेच."

"म्हणजे ऊन चांगलं कलल्यावर. ऊन कुणीकडे होतं?"

"पाठीशी. आम्ही घराकडे, पूर्वेला येत होतो. वारा उत्तरेचा, आडवा. पाणी काचेसारखं."

"मग खडक तुम्हाला कसा दिसला नाही?"

"दायंग, चेष्टा करता का? खाली उभं राहिलं की पाणी नुसतं चकाकतं. खडकाचा तांबूस रंग डोलकाठीवरूनच ओळखू येतो. म्हणून तर माणूस वर चढवतात."

"सुकाणू कुणाकडे?"

"माझ्याकडे," रुम्पांग म्हणाला.

"वरून हाक आली?"

"आली असती तर मी फिरवलं नसतं? घोरत होता तो. तोंडावर कसं बोलू, हिचा भाऊ होता... पण खरं ते खरं."

"वाऱ्यात घोरणं ऐकू आलं तुला? कान तिखट आहेत हं!"

रुम्पांगने नाखव्याकडे पाहिलं.

"बरं, नांगर?"

"दोन्ही नाळेवरच. टाकायला वेळ कुठे मिळाला?" रुम्पांग म्हणाला.

"आणि धक्क्याला लागलात तेव्हा नगारा वाजत होता."

"वाजतच होता," नाखवा म्हणाला. "खजूर धक्क्यावरच तोंडात टाकला."

"अल्लाची कृपा. गलबत गेलं, पण ईद साधली."

हे ऐकून नाखव्याने मान खाली घातली. सितुजूने पान तोंडात सारलं आणि तो उठला.

"गलबत बघून येऊ. तुम्ही दोघं चला, जागा दाखवायला."

"आज? सणाच्या दिवशी?" रुम्पांग म्हणाला. "गलबत काय पळून जाणार आहे? उद्या जाऊ, परवा जाऊ."

"परवाच्या पुढे तुझं लग्न. नवऱ्यामुलाला कामाला जुंपू कसा? आजच चल."

"मीही येणार," चेन्निंग म्हणाली.

"बायकामाणसाचं काय काम आहे तिथे?" रुम्पांगचा आवाज चढला.

"माझा भाऊ आहे तिथे, हे काम." तिने रचलेल्या ढिगातून चार बुरासा उचलले आणि पदरात बांधले. कोपऱ्यातला एक शहाळ्याचा घडही उचलला. नाखव्याची बायको बघतच राहिली.

"हे कशाला, पोरी?" सितुजूने विचारलं.

"दादाला भूक लागली असेल."

 वेडी झाली बिचारी, असंच सगळ्यांना वाटलं असावं. सितुजूला मात्र तसं वाटलं नाही.

---

सितुजूचा पडाव लहान, पण पाण्यावर हलका. वल्ह्यावर त्याचे दोन खलाशी. वलंदेज गोऱ्यांच्या किल्ल्याचा बुरूज मागे पडला आणि वारा शिडात भरला. ऊन पाठीवर होतं. समोरचं पाणी कुठे निळं, कुठे हिरवं, कुठे पिवळट, वाटा आखून दिल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. एक खलाशी नाळेवर उभा राहून हाका देत होता आणि सितुजू सुकाणू फिरवत होता.

तांबडी रांग आली तेव्हा सूर्य डोक्यावर होता.

"एक प्रहर लागला," सितुजू स्वतःशीच म्हणाला. "शिडावर, तेही चांगल्या वाऱ्यावर."

गलबत एका अंगावर कलून खडकात रुतलं होतं. आजूबाजूला नुसता टोकदार खडक, मूठभरही वाळू नाही. सितुजू गुडघे धरत कसाबसा वर चढला. मागोमाग बाकीचे. तो थेट नाळेकडे गेला आणि तिथेच उभा राहिला.

नाळेवर उजवीकडे नांगर होता. लाकडी, दगड बांधलेला, दोर नीट गुंडाळलेला. डावीकडे नांगर नव्हता. खुंट्याला हातभर दोर लोंबत होता. सितुजूने त्याचं टोक उचललं.

"चेन्निंग, इकडे ये. दोर तुटला की कसा दिसतो?"

"पिंजारतो. झाडूसारखा."

"आणि हा?"

तिने टोकावरून बोट फिरवलं. "हा सपाट आहे. कुऱ्हाडीने तोडलाय."

"दोन्ही नांगर नाळेवरच होते, असं कोण म्हणालं होतं बरं?"

रुम्पांग म्हणाला, "आपटताना गेला असेल. मी सुकाणूवर होतो, मागे. पुढचं मला काय दिसणार?"

"खरंय. बसा सगळे. माझे गुडघे दुखतायत, आणि मला थोडं बोलायचंय."

कललेल्या डेकवर ते जमेल तसे टेकले. चेन्निंग उभीच राहिली. सितुजूने कमरेचा रुमाल काढला आणि मांडीवर उलगडला.

"नाखवा, तुम्ही मला सांगितलंत की गलबत असरनंतर आपटलं. असरपासून रोजा सुटेपर्यंत किती वेळ असतो? एक प्रहरसुद्धा नाही. आत्ता शिडावर, हलक्या पडावातून आपल्याला पुरा प्रहर लागला. बारा माणसांनी खच्चून भरलेली होडी वल्ह्यांवर हाकत तुम्ही त्याहून लवकर घरी पोहोचलात. एवढी पाण्यातली घोडदौड मी आयुष्यात पाहिली नाही."

नाखवा डेकच्या फळ्या न्याहाळू लागला.

"तुम्ही दुपारी निघाला असाल, तरच नगाऱ्याला पोहोचाल. म्हणजे गलबत सकाळी आपटलं. सकाळी! तुम्ही पूर्वेला तोंड करून येत होता, तेव्हा ऊन कुठे होतं?"

"समोर," चेन्निंग म्हणाली.

"समोर. डोळ्यांत. अशा वेळी डोलकाठीच्या टोकावर बसलेल्यालाही पाणी म्हणजे तापलेला तवा दिसतो, खडक नाही. ते सकाळचं होतं, याचा दुसरा साक्षीदार हा रुमाल. टेहळ्या गालांवर काजळी केव्हा लावतो? ऊन तोंडावर असतं तेव्हाच. काळ्या गालावरून उजेड उसळत नाही, डोळ्याला थोडा आधार मिळतो. पाठीशी ऊन असताना काजळी फासून बसायला माक्किता काय तमाशातला सोंगाड्या आहे?"

रुम्पांग पुढे सरकला. "आधीची असेल. सकाळी लावली, रुमालाला लागली. त्यावरून..."

"लागली नाही, पुसली आहे. दोन फराटे बघ. आणि टेहळ्या काजळी पुसतो कधी? तू सुकाणी आहेस, मीही होतो. आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. हिला ठाऊक नाही, म्हणून सांगतो." तो चेन्निंगकडे वळला. "पोरी, वर बसलेल्याला काही दिसेनासं झालं की तो दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवतो. म्हणजे, मी आंधळा झालो. मग तो खाली उतरतो, काजळी पुसतो आणि रुमाल सुकाण्याच्या पायाशी टाकतो. त्या क्षणी शीड पाडायचं आणि नांगर टाकून ऊन फिरेपर्यंत थांबायचं. मग नाखवा असो नाहीतर सुलतान. आपल्या बापजाद्यांचा हा कायदा आहे. रुम्पांग, हा रुमाल तुझ्या हातात आला तो वरून पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून नाही. तो तुझ्या पायाशी टाकला होता."

चेन्निंगने रुम्पांगकडे पाहिलं. तो समुद्राकडे बघत होता.

"काल एकोणतिसावा रोजा," सितुजू बोलत राहिला. "संध्याकाळी चंद्र दिसणार, घरी बुरासा शिजतोय, एकाचं लग्न तोंडावर आलंय. आणि हा माक्किता म्हणतो, दुपारपर्यंत थांबा! कोण ऐकतंय? शीड पडलं नाही. तेव्हा त्याने त्याच्या हातात होतं ते केलं. नांगर त्याचा. त्याने डावा नांगर सोडून दिला. झोपलेला माणूस नांगर टाकत नाही, नाखवा. गलबत थांबलं. मग कुणीतरी कुऱ्हाड उचलली आणि दोर तोडला. आणि हा पुन्हा दुसरा नांगर टाकील, म्हणून त्याला गलबतावरूनच उतरवलं."

"मारलं?" चेन्निंगचा आवाज फाटला.

"नाही." त्याने रुमालाची गाठ सोडली. पांढरी, जाडी वाळू डेकवर सांडली. "ही तुमच्या होडीत होती. मकासरला चिखल आहे, इथे खडक आहे. पांढरी वाळू या वाटेवर एकाच ठिकाणी आहे. इथून पश्चिमेला, कासवाची पाठ म्हणतात त्या वाळूच्या बेटावर. होडी तिथे लागली होती. माणूस मारायचा असता तर समुद्र जवळ होता, वल्ही मारत वाळूपर्यंत कोण जाईल? त्याला तिथे सोडलं. आणि मला वाटतं, तो तिथे जिवंत आहे."

"कसा जिवंत असेल?" रुम्पांग उसळून म्हणाला. "रात्रीच्या उधाणात तिथे कंबरभर पाणी चढतं! कोण टिकणार तिथे?"

बोलून गेला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

नाखवा मासिक्की हळूच उठला.  "काय म्हणालास? तू मला सांगितलंस, ते बेट कधी बुडत नाही. तू म्हणालास, मच्छीमार रोज तिथे येतात, संध्याकाळपर्यंत त्याला उचलतील. तू म्हणालास, मी निरोप पाठवलाय!"

"नाखवा, तुम्हीच म्हणालात, चला..."

"म्हणालो! चला म्हणालो, तो गुन्हा माझा. सगळ्यांना घराचं तोंड बघायचं होतं, मी कुणालाच अडवलं नाही. पण कुऱ्हाड तू चालवलीस. आणि गलबत फुटल्यावर, 'झोपला म्हणा, पडला म्हणा, तो आला की मी समजावीन, मेव्हणा आहे माझा,' हे तू म्हणालास. आम्ही बारा जण शरमेने मेलो होतो, म्हणून तुझं ऐकलं. मला वाटलं, माणूस तरी सुखरूप आहे." तो सितुजूकडे वळला. "दायंग, मी खोटं बोललो. पण त्याला मरायला सोडलं, हे मला ठाऊक नव्हतं. कुराणावर हात ठेवून सांगतो."

"ते नंतर. रुम्पांग, अमावास्या कालची. उधाण असणार, हे सुकाण्याला कुणी सांगावं लागत नाही. तो परत आला असता, तर नांगराचा दोर तोडणाऱ्याला कुठल्याच नाखव्याने पुन्हा सुकाणूला हात लावू दिला नसता. होय की नाही?"

रुम्पांगने चेन्निंगकडे हात पसरले. "मी तुझ्यासाठी घाई केली. लग्नाला उशीर होऊ नये म्हणून..."

"माझं नाव घेऊ नकोस!" ती ओरडली. "माझ्या भावाला बुडायला सोडलंस आणि माझ्याच ओट्यावर बसून रडलास? त्याचा रुमाल माझ्या हातात देताना तुझा हात जळला नाही? तुझ्याशी लग्न? त्यापेक्षा मी दादासारखी वाळूवर उभी राहीन!"

तिने बोटातली अंगठी ओढून काढली आणि त्याच्या अंगावर फेकली. ती डेकवरून घरंगळत खडकात पडली. कुणीच उचलायला गेलं नाही.

"दायंग, भरती केव्हा?"

सितुजूने सूर्याकडे पाहिलं. "चढायला लागली आहे. चला!"

---

रुम्पांगचे हात बांधून त्याला पडावाच्या मध्यभागी बसवलं. नाखव्याने स्वतः वल्हं घेतलं. कधी काळी खलाशी होता, हे आज त्याच्या पाठीला आठवत होतं. वारा आडवा, गती चांगली. पण कासवाची पाठ पश्चिमेला आणि आता ऊनही पश्चिमेला. जसजसे पुढे गेले तसतसा सगळा समुद्र पेटल्यासारखा झाला. नाळेवरचा खलाशी डोळे चोळू लागला.

"दायंग, मला काही दिसत नाही."

"माहीत आहे."

"शीड पाडू?"

सितुजूने चेन्निंगकडे पाहिलं. ती पुढे वाकून बसली होती, शहाळी छातीशी धरून. एवढ्यात पाणी कुठवर चढलं असेल, कुणी सांगावं? तिथे उभा असलेला माणूस कालपासून बिनपाण्याचा होता.

"राहू दे. जाऊ दे तसंच."

स्वतःच्या तोंडून हे शब्द निघाले आणि म्हाताऱ्याला स्वतःचीच लाज वाटली. काल नाखवाही हेच म्हणाला असेल.

"तो बघा!" चेन्निंग किंचाळली.

दूर, चकाकत्या पाण्याच्या मधोमध एक काळी रेघ उभी होती. मच्छीमारांनी जाळी बांधायला रोवलेला जाड बांबू. त्याच्या टोकाला, कमरेला वस्त्राने बांधून घेतलेला एक माणूस पाय आवळून बसला होता. खाली वाळू सुपाएवढीही उरली नव्हती.

"दादा! दादाऽऽ!"

त्या माणसाने मान वळवली. पडाव पाहिला. मग त्याने दोन्ही हात उचलले आणि तळवे डोळ्यांवर ठेवले.

"रडतोय बिचारा," वल्ह्यावरचा खलाशी म्हणाला.

"रडत नाही रे!" सितुजू ओरडला. "शीड पाड! शीड पाड, नांगर टाक!"

शीड खाली आलं. नांगर गेला, दोर ताणला, पडाव गचका खाऊन थांबला. मग सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं. नाळेच्या पुढे चार हातांवर, पाण्याखाली वीतभर, तांबूस खडकाची धार होती.

माक्किताने कमरेची गाठ सोडली, बांबूवरून तो पाण्यात उतरला आणि पाण्याखालच्या खडकाच्या कडेकडेने, जिथे पाय ठेवायची जागा त्याला ठाऊक होती तिथून, कधी चालत, कधी पोहत आला. ओठ फुटलेले, खांदे भाजलेले. चेन्निंगने हात दिला, तसा तो पडावात येऊन कोसळला. तिने शहाळं त्याच्या तोंडाला लावलं. त्याने ते घटाघटा संपवलं, दुसरंही संपवलं. मग कुठे त्याला आवाज फुटला.

"ऊन तोंडावर घेऊन आलात? तुम्हालाही ईदची घाई झाली होती का?"

सितुजूने कान पकडले. "चुकलं बाबा. उद्यापासून तूच शिकव."

माक्किताची नजर बांधलेल्या रुम्पांगवर गेली, मग वल्हं धरलेल्या नाखव्यावर. "गलबत?"

"फुटलं," नाखवा म्हणाला. "तांबड्या रांगेवर."

"माणसं?"

"सगळी वाचली. आणि सगळ्यांनी मिळून तुला झोपाळू ठरवलं. उद्या मशिदीपुढे उभा राहून मी खरं सांगणार आहे. मग मुखिया काय शिक्षा देईल ती देवो."

"हा सांगणार नाही का?" माक्किताने रुम्पांगकडे हनुवटी उडवली.

"त्याला सांगायला लावू," चेन्निंग म्हणाली. "आपल्या दारापुढून जो जो 'झोपाळ्याचं घर' म्हणत गेला, त्या प्रत्येकाच्या दारापुढे नेऊन सांगायला लावू."

माक्किता पहिल्यांदा हसला. फुटलेल्या ओठातून रक्त आलं, ते त्याने मनगटाने पुसलं. तिने पदर सोडून बुरासा काढला. त्याने तो पान सोलून दोन घासांत संपवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

"बांबूवर रात्रभर बसलास?" सितुजूने विचारलं.

"डोलकाठीपेक्षा बरा. हलत नाही. पाणी छातीपर्यंत आलं होतं, मग वर सरकलो. डोळा मात्र लागू दिला नाही. म्हटलं, मी कुठे गेलो असं कुणी विचारलं, तर हे 'झोपला, पडला' असंच सांगत असतील. त्यांचं खरं का होऊ द्यायचं?"

चेन्निंगला तेव्हा रडू फुटलं. कालपासून आवरून धरलेलं सगळं रडणं तिने भावाच्या भाजलेल्या खांद्यावर मोकळं केलं. तो "आई गं, खांदा!" म्हणून ओरडला, पण त्याने तिला दूर केलं नाही.

सितुजूने रुमाल त्याच्यापुढे धरला. माक्किताने तो घेतला, झटकला, डोक्याला बांधला आणि उठून, धडपडत, नाळेवर जाऊन उभा राहिला.

"अरे बस! तुझ्यात जीव आहे का उभं राहण्याचा?"

"नाळेवर दुसरं कोण उभं राहणार? तुमच्या माणसाला काही दिसत नाही." त्याने समोरच्या सूर्याकडे एकदा पाहिलं, मग मागे वळून पूर्वेकडे, घराकडे. तिकडचं पाणी आता हिरवं, निळं, तळापर्यंत स्वच्छ होतं. "नांगर उचला. पडाव फिरवा. आता ऊन पाठीशी आलंय, आता चला."